उंच हिमालयातला मूनवर्ट नेचा: शोध, मोजणी आणि धोक्याची पातळी ठरवण्याची रीत, पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की पुण्याहून गटागटाने लोक उत्तराखंड-हिमाचलच्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर निघतात. ब्रह्मकमळाचे, निळ्या पॉपीचे फोटो निघतात आणि त्याच कुरणातला वीतभरही उंच नसलेला एक नेचा बुटाखाली जातो. तो म्हणजे मूनवर्ट, शास्त्रीय नाव बॉट्रिकियम ल्युनारिया. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेपर्यंत त्याचा पसारा आहे, तरी तो जिथे उगवतो तिथे बहुधा थोडाच असतो. युरोपातल्या काही देशांनी त्याला आपापल्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, धोक्याच्या वर्गात घातलं आहे. पश्चिम हिमालयात तो साधारण ३,००० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात, वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत ती उंची) आसपास आणि तिच्या वरच्या कुरणांत मिळतो.

हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला जुना नमुना तो इथे होता एवढंच सांगतो. किती होते, त्यांतले किती बीजाणू देणारे होते, पुढच्या वर्षी पुन्हा उगवले का, हे त्यावरून कळत नाही. धोक्याची पातळी ठरवायला मात्र हीच माहिती लागते. ती गोळा करायला प्रयोगशाळा लागत नाही. लागतात ते सराव, दोरी, टेप, पेन्सिल आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी.

आधी ओळख पक्की करा

नेच्याचं कोवळं पान गुंडाळीसारखं उलगडतं ही शाळेतली खूण इथे उपयोगाची नाही. मूनवर्टचं पान सरळ वर येतं. वर्षाला एकच, उंची बहुधा ५ ते १५ सेंटीमीटर. रसाळ, गुळगुळीत हिरव्या देठाला साधारण मध्यावर दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर पंख्याच्या आकाराच्या पर्णिका समोरासमोर असतात, सहसा ४ ते ७ जोड्या. पर्णिकेला मधली शीर नसते, सगळ्या शिरा तळापासून पसरत जातात. हे दहापट भिंगातून, पान उजेडाकडे धरून लगेच दिसतं. दुसरा फाटा बीजाणूंचा. तो पानापेक्षा उंच जातो आणि त्यावर मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान गोल बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) दाटीने बसलेल्या असतात, ज्वारीचं अगदी छोटं कणीस असावं तशा. कच्च्या असताना त्या हिरवट-पिवळ्या दिसतात. पिकल्या की तपकिरी होतात, आडव्या फाटतात आणि फिकट पिवळी भुकटी सोडतात. पानाच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके शोधू नका, ते तिथे नसतातच.

फसगत कुठे होते? हंसराजाच्या कुळातल्या नेच्यांच्या पर्णिकाही पंख्यासारख्या असतात, पण त्यांचा देठ काळा, चकचकीत आणि तारेसारखा ताठ असतो, आणि बीजाणू पर्णिकेच्या दुमडलेल्या कडेखाली असतात. थॅलिक्ट्रम अल्पिनम या फुलझाडाचं छोटं पान लांबून चकवतं, पण त्याला अनेक पानं एकत्र फुटतात आणि बीजाणूंचा फाटा नसतो. जंगलाच्या सावलीत त्याच कुळातला मोठा, त्रिकोणी आणि बारीक चिरलेल्या पानाचा नेचा मिळाला तर तो वेगळा, त्याची नोंदही वेगळी ठेवा. एक खबरदारी मात्र हवीच. गेल्या काही वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे की ल्युनारिया या एका नावाखाली दिसायला जवळजवळ सारख्या अनेक जाती आहेत. म्हणून फक्त फोटोवरून नोंद करताना ‘बॉट्रिकियम ल्युनारिया समूह’ असंच लिहा. नाव नंतर नेमकं करता येतं. चुकीचं नेमकं नाव एकदा नकाशात घुसलं की ते निघता निघत नाही.

जमिनीखालचा भाग न उकरता समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. खाली आखूड, उभं खोड असतं आणि जाडसर, मूलरोम नसलेली मुळं. अन्नपाण्यासाठी ही मुळं मातीतल्या बुरशीवर विसंबून असतात. पुढच्या वर्षीच्या पानाची कळी यंदाच्या देठाच्या बुडाशीच तयार होत असते. म्हणजे पान हाताने ओढलं की पुढचं वर्षही त्यासोबत उपटलं जातं. बीजाणू उजेडात रुजत नाही, मातीत खोल गेल्यावर अंधारात रुजतो. त्यातून मिलिमीटरांत मोजावा असा, हिरवा रंग नसलेला युग्मकोद्भिद (नेच्याची इवलीशी पहिली अवस्था, जिच्यावर पुढे रोप तयार होतं) तयार होतो आणि तोही बुरशीच्या जिवावर जगतो. पहिलं पान जमिनीवर यायला काही वर्षं लागतात. पूर्ण वाढलेलं रोपसुद्धा एखाद्या वर्षी पान न काढता जमिनीखालीच थांबतं. त्यामुळे यंदा न दिसलेलं रोप मेलं असं समजणं ही या नेच्याच्या मोजणीतली सगळ्यात मोठी चूक ठरते.

पुण्यात करायचा सराव

मूनवर्टचा जवळचा नातलग आपल्या टेकड्यांवरच आहे. ऑफिओग्लॉसम त्याच कुळातला. पहिल्या चांगल्या पावसानंतर, जून अखेर ते ऑगस्टपर्यंत, कातळावरच्या पातळ मातीत, मुरमाड माळावर, गवताच्या बुडाशी तो उगवतो. वेताळ टेकडी असो की सिंहगड-पुरंदराच्या बाजूचे माळ, शोधायची जागा अशीच असते. अखंड, जिभेसारखं एक पान आणि त्यातून उभी राहिलेली बारीक कणसासारखी दांडी. याच प्रजातीतल्या ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटममध्ये १,२६० गुणसूत्रं मोजली गेली आहेत. सजीवांत नोंदलेल्या सर्वाधिक संख्यांपैकी ही एक. आपल्याला मात्र त्याचा उपयोग आहे तो डोळा तयार करण्यासाठी.

सराव असा करा. दोघांनी मिळून माळावर १० मीटर लांब, १ मीटर रुंद पट्टा दोरीने आखा. पहिल्याने गुडघ्यावर बसून पट्टा तपासायचा, प्रत्येक रोपाची जागा टेपवर वाचून वहीत लिहायची, जमिनीत खूण ठेवायची नाही. दुसऱ्याने ती वही न पाहता तेच काम करायचं. मग दोन्ही याद्या जुळवायच्या. पहिल्या दिवशी दोन याद्यांत मोठी तफावत निघते. उभ्याने चालत पाहिलेला पट्टा आणि बसून पाहिलेला पट्टा यांतला फरक त्याहून मोठा. उभ्याने केलेली मोजणी वापरू नका, हा निष्कर्ष प्रत्येकाने स्वतः काढला की हिमालयात धाप लागलेली असतानाही तो गुडघे टेकतो.

कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या आणि आघारकर संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये आधी पत्र देऊन, कामाचं स्वरूप सांगून नमुने पाहता येतात. नेच्यांचे वाळवलेले नमुने कसे दिसतात, चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं आणि काय राहून गेलेलं असतं, हे इथे शिकून घ्या. हिमालयातले नमुने पाहायचे तर जाता-येता डेहराडूनला थांबणं शहाणपणाचं. वन संशोधन संस्था आणि सर्वेक्षण संस्थेचं उत्तर विभागीय केंद्र, दोन्ही तिथेच आहेत. जुन्या चिठ्ठ्यांवरून ठिकाण, उंची, तारीख आणि अधिवास यांचा तक्ता करा. ‘गढवाल, ११,००० फूट’ एवढीच चिठ्ठी असेल तर नकाशावर अंदाजाने टिंब देऊ नका. ‘ठिकाण ढोबळ’ असा रकाना करून ती नोंद तिथे ठेवा.

सामान

दहापट भिंग, ५० मीटरची एक आणि ५ मीटरची दुसरी टेप, एक मीटर चौरसासाठी गाठी मारलेली न ताणणारी दोरी आणि तंबूच्या चार खुंट्या, पेन्सिल आणि पाण्याला टिकणारी वही, मिलिमीटरची छोटी पट्टी, छोटी टोकदार कात्री, गुडघ्याखाली घालायला फोमचा तुकडा. काठ्यांवर रंगीत झेंडे लावू नका. गुरं ते चघळतात आणि येणाराजाणारा कुतूहलाने तिथे थांबून जागा तुडवतो. थंडीत फोनची बॅटरी भरभर उतरते, म्हणून फोन आणि पॉवर बँक अंगाजवळच्या खिशात ठेवा, रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या.

फोनवरचं ठिकाण पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा आणि शेजारी त्या वेळची अचूकता मीटरमध्ये लिहा. अरुंद दरीत ती १०-१५ मीटरपर्यंत घसरते. तेवढ्या चुकीत दहा सेंटीमीटरचं रोप पुढच्या वर्षी सापडणार नाही. म्हणून जवळचा न हलणारा मोठा खडक निवडायचा, त्याचे दोन बाजूंनी फोटो घ्यायचे आणि तिथून होकायंत्राचा कोन व टेपचं अंतर लिहायचं. पुढच्या वर्षी रोप परत मिळतं ते खडकावरून. उपग्रहाचा उपयोग खडक शोधण्यापुरता.

परवानगी

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथून पानही तोडायचं नाही. फोटो आणि मोजणीसाठीही पायवाट सोडायची असेल तर आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. उद्यानाबाहेरची कुरणंही बेवारस नसतात. उत्तराखंडात गावाचं जंगल सांभाळणाऱ्या वनपंचायती आहेत, चराईचे हक्क ठरलेले आहेत. गावात आधी जाऊन सरपंचांना, मेंढपाळांना काम समजावून सांगा. जैवविविधता कायदा, २००२ खाली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात, त्यांनाही कळवा. परदेशातल्या सहकाऱ्याला नमुना किंवा पानाचा तुकडा ‘फक्त तपासायला’ पाठवणं हाही कायद्याचा विषय आहे, त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. ट्रेक नेणारी संस्था ‘आमची परवानगी आहे’ म्हणते ती चालण्याची असते. तिच्यात अभ्यास किंवा नमुने येत नाहीत.

केव्हा जायचं

जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य. त्याआधी पान वर आलेलं नसतं किंवा बीजाणूंचा फाटा कच्चा असतो. उशीर झाला तर गवत उंच होतं, पान पिवळं पडून आडवं होतं. दर वर्षी बर्फ किती आणि कधी वितळला त्यावर हे पुढेमागे सरकतं. नेमका हाच काळ भूस्खलनाचा, म्हणून परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. डोकं दुखत असताना केलेली मोजणी कच्चीच असते. शिवाय गुडघ्यावर वाकून तासन् तास बसणं त्या उंचीवर चालण्याइतकंच दमवतं.

जागा कशी हेरायची

हिरव्यागार, कमरेएवढ्या वाढलेल्या कुरणात शोधू नका. मूनवर्टला आखूड गवत, निचऱ्याची आणि बरीच वर्षं न हललेली माती लागते. चुन्याचा अंश असलेले उतार चांगले. जुन्या पायवाटेची शांत कड, खडकांच्या पायथ्याची बाकं, चरून आखूड झालेले पण खुरांनी फाटलेले नसलेले तुकडे, हे क्रमाने तपासा. पाणी साचणाऱ्या दलदलीत आणि मेंढ्या रात्री बसवतात त्या जागेवर वेळ घालवू नका. तिथे खत साचतं, पालेभाजीसारख्या रुंद पानांची झाडं माजतात आणि छोटा नेचा त्यांच्याखाली दबतो.

शोधही मोजून करायचा असतो. एका तुकड्याला दोन माणसं, ३० मिनिटं, घड्याळ लावून. सकाळी किंवा चार वाजल्यानंतर तिरप्या उन्हात बीजाणूंचा पिवळसर फाटा गवतातून वेगळा दिसतो, भर दुपारी सगळं एकसारखं हिरवं होतं. उताराच्या खालून वर सरका, म्हणजे डोळे जमिनीजवळ राहतात. पहिलं रोप दिसलं की जागच्या जागी थांबा आणि बुटांभोवती पाहा. दुसरं रोप पुष्कळदा तिथेच असतं आणि ते आधीच पायाखाली आलेलं असतं.

काही सापडलं नाही तर ते लिहा. तारीख, वेळ, माणसं, तुकड्याची सीमा, गवताची उंची, निकाल शून्य. एका फेरीत सापडण्याची शक्यता ६० टक्के असेल तर एकदा शोधून काहीच न मिळण्याची शक्यता ४० टक्के राहते. तीन स्वतंत्र फेऱ्यांनंतर ती सुमारे ६ टक्क्यांवर येते. एका फेरीतलं शून्य म्हणून कच्चं. पण न लिहिलेलं शून्य तर कशातच धरता येत नाही, आणि ‘नेचा कमी झाला की आपण कमी शोधलं’ या प्रश्नाचं उत्तर पुढे कोणालाच देता येत नाही.

मोजणी

रोपं सापडलेल्या तुकड्यात उताराच्या आडव्या दिशेने टेप ताणा आणि टेपच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पट्टा धरा. पट्ट्यात पाय ठेवायचा नाही, बाहेर बसून आत वाकायचं. प्रत्येक रोपासाठी पाच गोष्टी लिहा: टेपवरचं अंतर, टेपपासूनचं आडवं अंतर सेंटीमीटरमध्ये, उंची, पर्णिकांच्या जोड्या, आणि बीजाणूंचा फाटा आहे की नाही. फाटा असेल तर कच्चा, पिकलेला की रिकामा. चावलेलं किंवा तुटलेलं पान असेल तर तेही नोंदवा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषांत ‘प्रौढ’ रोपं मोजतात, म्हणजे पुनरुत्पादन करू शकणारी. फाटा असलेली आणि नसलेली रोपं एकाच आकड्यात मिसळली की नंतर ती वेगळी काढता येत नाहीत.

आता दोन निरीक्षकांचा हिशेब. समजा पहिल्याला २४ रोपं मिळाली, दुसऱ्याला २० आणि त्यांतली १६ दोघांनाही मिळाली. दोघांनी मिळून २८ वेगळी रोपं पाहिली. अंदाजे खरी संख्या २४ गुणिले २०, भागिले १६, म्हणजे ३०. पहिल्या निरीक्षकाची नजर ८० टक्के, दुसऱ्याची सुमारे ६७. हा हिशेब बरोबर यायला दोघांनी एकमेकांकडे न पाहता मोजणं आणि रोपांच्या जागा सेंटीमीटरपर्यंत लिहिलेल्या असणं आवश्यक आहे. अंतरं ढोबळ असली की शेजारची दोन रोपं एकच वाटतात, १६ चा आकडा फुगतो आणि एकूण अंदाज खाली घसरतो. गप्पा मारत, ‘इथे आहे बघ’ म्हणत केलेल्या मोजणीला हे सूत्र लावू नका.

खरं काम दुसऱ्या वर्षी सुरू होतं. त्याच पट्ट्यात, त्याच खडकापासून मोजून, जुनी यादी हातात न घेता पुन्हा मोजा. संध्याकाळी तंबूत याद्या जुळवा. पहिल्या वर्षीची काही रोपं दिसणार नाहीत, काही नवी दिसतील. तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीची काही परत येतील, तीच जमिनीखाली थांबलेली होती. किमान तीन वर्षं, जमल्यास पाच वर्षं सलग मोजल्याशिवाय वाढ-घटीवर बोलू नये असं आमचं ठाम मत आहे. दोन वर्षांच्या आकड्यांवरून ‘निम्म्यावर आला’ असं जाहीर केलं तर पुढच्या ओल्या वर्षी तो आकडा आपल्याच अंगावर येतो आणि खरी घट झाली तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

फोटो, नमुना आणि गुपित

प्रत्येक जागेचे फोटो ठरलेल्या क्रमाने घ्या: आजूबाजूचा उतार, एक मीटरचा चौकोन, पट्टी शेजारी ठेवून पूर्ण रोप, पर्णिकांच्या शिरा, बीजाणूंचा फाटा जवळून, आणि देठ जमिनीतून निघतो ती जागा. शेवटच्या फोटोसाठी गवत बोटाने बाजूला करा, उपटू नका.

नमुना बहुतेक वेळा घेऊच नये. परवानगी असेल आणि जातीचं नाव ठरवायला लागणारच असेल तर वीस रोपांमागे एकापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि वीसपेक्षा कमी रोपं असतील तर एकही नाही. घेतानाही मुळासकट नाही. जमिनीच्या किंचित वर कात्रीने कापायचं, तेही बीजाणू सांडल्यावर. कळी खाली सुरक्षित राहते. पर्णिका एकमेकींवर चढणार नाहीत अशा पसरून वर्तमानपत्रात दाबा आणि पहिले चार दिवस रोज कागद बदला. रसाळ देठ लवकर वाळत नाही. ओल्या कागदात तो काळा पडतो आणि पुण्यात परत येईपर्यंत, ऑगस्टच्या दमट हवेत, त्यावर बुरशी चढते. जनुकीय तपासणीसाठी एका पर्णिकेचा तुकडा कोरड्या सिलिका जेलमध्ये, पानाच्या वजनाच्या किमान दहापट जेल घालून ठेवा.

अचूक ठिकाण व्हॉट्सअॅपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. फोनच्या फोटोत ठिकाण दडलेलं असतं, पाठवण्याआधी ते काढा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण धूसर करण्याचा पर्याय निवडा. ही भीती उगीच नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवण्याचं वेड पसरलं आणि वूडसिया या दुर्मिळ पर्वतीय नेच्याच्या वसाहती संग्राहकांनी आणि विक्रेत्यांनी ओरबाडून काढल्या. दीड शतकानंतरही त्या सावरलेल्या नाहीत. वूडसिया अल्पिना आणि वूडसिया इल्व्हेन्सिस या दोन्ही जातींना तिथे १९८१ च्या कायद्याने खास संरक्षण द्यावं लागलं.

धोक्याची पातळी ठरवणं

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे २००१ पासून लागू असलेले निकष वापरा. मूनवर्टसाठी उपयोगी पडतात ते मुख्यतः दोन मार्ग: व्याप्ती आणि संख्या.

व्याप्ती दोन प्रकारे मोजतात. सगळ्या बाहेरच्या ठिकाणांना जोडून होणाऱ्या बहुभुजाचं क्षेत्र हा विस्तार. आणि नकाशावर २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन आखून, नेचा असलेल्या चौकोनांची संख्या गुणिले ४ म्हणजे व्यापलेलं क्षेत्र. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या जिओकॅट या मोफत संगणकीय साधनात ठिकाणं भरली की दोन्ही आकडे मिळतात. अतिधोक्यात म्हणायला विस्तार १०० चौरस किलोमीटरपेक्षा किंवा व्यापलेलं क्षेत्र १० पेक्षा कमी हवं. धोक्यात या वर्गासाठी हे आकडे ५,००० आणि ५००, तर असुरक्षित या वर्गासाठी २०,००० आणि २,०००.

इथेच बहुतेक जण घसरतात. नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. ठिकाणांची संख्या कमी किंवा तुकडे विखुरलेले, चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. समजा ११ जागा ७ चौकोनांत आल्या. व्यापलेलं क्षेत्र २८ चौरस किलोमीटर, धोक्याच्या मर्यादेत सहज बसलं. ठिकाणांचं काय? निकषात ठिकाण म्हणजे एकाच संकटाने एकदम बाधित होईल असा भाग. एका नियोजित रस्त्याखाली तीन कुरणं जाणार असतील तर ती तीन नाहीत, एकच ठिकाण. अतिधोक्यासाठी एकच ठिकाण, धोक्यासाठी ५ पर्यंत, असुरक्षितसाठी १० पर्यंत. आणि घट? ती दाखवायला आपली तीन-पाच वर्षांची मोजणी, किंवा अधिवासच नष्ट झाल्याचा पुरावा हवा. रोपं जमिनीखाली थांबल्यामुळे दिसणारा चढउतार हा टोकाचा चढउतार मानू नका, तिथे संख्या बदललेली नसते, फक्त पानं दिसलेली नसतात.

संख्येचा मार्ग सरळ आहे. एकूण प्रौढ रोपं ५० पेक्षा कमी असतील तर अतिधोक्यात, २५० पेक्षा कमी तर धोक्यात, १,००० पेक्षा कमी तर असुरक्षित. पण हा आकडा संपूर्ण प्रदेशाचा असतो. आपण पाहिलेल्या दोन बुग्यालांत ३१ रोपं मिळाली म्हणून भारतातला मूनवर्ट अतिधोक्यात ठरत नाही. शोध अपुरा असेल तर ‘माहिती अपुरी’ हाच प्रामाणिक वर्ग, आणि तो लिहिताना कोणती दरी शोधायची राहिली आहे तेही लिहावं. देशापुरतं मूल्यमापन असेल तर तसं स्पष्ट म्हणा. शेजारच्या देशातून बीजाणू येऊन भरपाई होईल असं गृहीत धरून वर्ग खाली आणण्याची तरतूद आहे, पण बुरशीवाचून न जगणाऱ्या नेच्याला ती सहज लावू नये.

जागा वाचवायची कशी

आधी काय करू नये ते. रोप उचलून सुरक्षित जागी लावू नका, पुण्यात कुंडीत तर मुळीच नाही. बुरशीचं जाळं सोबत येत नाही, रोप साठवणीवर एखादं वर्ष तग धरतं आणि मग संपतं. एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानाने वूडसिया इल्व्हेन्सिस बीजाणूंपासून वाढवून डोंगरात परत लावला, ते जमलं कारण त्याचा युग्मकोद्भिद हिरवा असतो आणि जमिनीवर उजेडात वाढतो. मूनवर्टला तो रस्ता बंद आहे. त्याची माती जिथे आहे तिथेच, न हलवता ठेवावी लागते.

चराईबाबत सरसकट बंदी मागू नका. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, आणि नंतर पॉलिगोनम या उंच वाढणाऱ्या वनस्पतीने मोठे पट्टे व्यापल्याची चर्चा अजून चालू आहे. आखूड गवतात जगणाऱ्या नेच्याला उंच झाडोरा गिळतो, आणि खुरांनी उलथलेली मातीही मारते. मेंढपाळांशी बोलून पान वर आल्यापासून बीजाणू सांडेपर्यंतचे तीन-चार आठवडे कळप त्या तुकड्यावर न थांबवता पुढे न्यायचा आणि नंतर चरू द्यायचं, ही तडजोड आम्हाला सर्वांत योग्य वाटते. रात्रीचा मेंढवाडा मात्र तिथे कधीच नको.

ट्रेकच्या तंबूंचं नुकसान कळपापेक्षा वाईट. एकाच सपाट जागेवर हंगामभर तंबू, चर खणणं, खेचरांचा तळ, यांनी माती दगडासारखी घट्ट होते आणि खालचे युग्मकोद्भिद मरतात, ज्यांतून पाच-सात वर्षांनी रोपं येणार होती. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली, ती यासाठी उपयोगी आहे. गटाचा प्रमुख ठरवताना मुक्काम वृक्षरेषेखाली आहे का, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

परत आल्यावर कागद तीन ठिकाणी जायला हवेत. अचूक ठिकाणांसह पूर्ण तक्ता वनविभागाच्या त्या विभागाच्या कार्यालयात आणि सर्वेक्षण संस्थेकडे. वनपंचायतीला एक पानी हिंदी टिपण, रोपाच्या मोठ्या फोटोसह, कोणता तुकडा कोणत्या आठवड्यांत टाळायचा एवढंच सांगणारं. शून्य निकालांच्या नोंदी तक्त्यातून गाळू नका. मूळ वहीचं प्रत्येक पान स्कॅन करून दोघांकडे ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी हीच अंतरं लागणार आहेत. पुढच्या फेरीची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. यंदा तुकड्यावरचा बर्फ गेल्यापासून मोजणीपर्यंत किती आठवडे गेले ते मेंढपाळांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि जूनमध्ये त्यांनाच फोन करून बर्फ कधी गेला ते कळलं की तिकीट काढा.